चोरओटीचा फोटो

कंपनीच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवरून भिंतीवर दुकानांतल्या बिस्किटांच्या फळ्यांचे फोटो सरकत होते. मध्येच तांदूळ, नारळ, हिरवा खण पदरात घेतलेली केतकी झळकली.

“बाई, दुकानांचे फोटो मागितले होते. ही तर चोरओटी! म्हणजे तिसरा महिना?” मॅनेजर हसला. “मग सांगलीची बढती काही तुम्हाला झेपायची नाही. मागे बसलेल्या देशमानेला देऊ.”

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. केतकीच्या अंगाचा जाळ झाला. कुणाची नजर नको म्हणून आईनं दाराला कडी घालून हळूच ओटी भरली होती. शेजारणीलासुद्धा पत्ता नव्हता.

“मी नाही पाठवला. दुकानांचे फोटो पाठवायच्या तुमच्या ॲपनं माझ्या गॅलरीतून न विचारता उचलला.”

“कामाच्या फोनात खासगी ठेवायचं कशाला?”

“फोन माझा आहे, साहेब.” तिनं सगळ्यांसमोर ॲप काढून टाकलं. “कामाला कंपनीचा फोन द्या. आणि बढती कशापायी काढली, ते लेखी द्या.”

मॅनेजरचं हसू विरलं. केतकीनं फोन मांडीवर पालथा घातला आणि वर ओढणी ओढली, दाराला पुन्हा कडी घालावी तशी.