कोरी नळी

रेटो कादुफ त्याच्या वारलेल्या वडिलांची जुनी स्विस लष्करी रायफल घेऊन माझ्या दुकानात तिसऱ्यांदा आला.

"उर्सकाका, नळी बदलायची का? रविवारच्या नेमबाजीत मी उभा राहिलो की लोक म्हणतात, गाई आत घ्या."

"बदलली की नेम लागेल. पण मग ती बाबांची रायफल राहील का?"

"आठवडाभर एक गोळी झाडत नाही, तरी रोज पुसताना फडकं काळंच निघतं. कंटाळलो मी. बदला."

मी नवी नळी बसवली. दस्त्याच्या लोखंडी पट्टीखाली, शिपाई ठेवतात तशी, रेटोच्या बाबांच्या नावाची चिठ्ठी होती. ती तशीच राहू दिली.

आज रायफल परत देण्याआधी, अजून एकही गोळी न झाडलेल्या कोऱ्या नळीतून फडकं फिरवलं. काळं निघालं. दुसरंही काळंच.

नळीला हात लावला. ती गरम होती.