भोपळ्याचा वेल

"देवानं पापी निनवे शहराला माफ केलं, म्हणून योना संदेष्टा रुसून वेलाखाली जाऊन बसला. वेल वाळला तेव्हा मात्र हळहळला. किती खुळा!" शिमोन गुरुजींनी धडा संपवला, तशी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेतली मुलं हसली. गुरुजीही हसले.

उपासनेनंतर गुरुजी अर्ज घेऊन उठले. शेजारच्या दारुड्या याकोबाला प्रभुभोजनाच्या पवित्र विधीतून काढावं, असं त्यांनी महिनाभर घोटून लिहिलं होतं. पण ते चष्मा लावेपर्यंत याकोबच उभा राहिला. "चुकलो," म्हणून सगळ्या मंडळीपुढे ढसाढसा रडला. बायकांनी डोळे पुसले, चर्चच्या पाळकांनी त्याला मिठी मारली. अर्ज गुरुजींच्या हातातच राहिला.

घरी येऊन ते न जेवताच अंगणातल्या मांडवाखाली बसले. "देवाकडे न्याय म्हणून काही उरलाच नाही!" बोलता बोलता नजर वर गेली. "अगं, भोपळ्याचा वेल सुकला की! पाणी नाही घातलंस? जीव आहे त्यालाही, असा मरू द्यायचा?"

त्यांच्या पत्नी सलोमीबाईंनी ताट त्यांच्यापुढे ठेवलं.

"जेवा आधी. आणि पुढच्या रविवारी सकाळचाच धडा पुन्हा ठेवा. मी शिकवते, तुम्ही मुलांत बसा."