कोऱ्या फॉर्मवरची सही

लोकसभेच्या मतदानाला संध्याकाळपर्यंत बूथवर नुसतं बसून राहिलं, तर पोलिंग एजंट हिंदुरावांना पक्षाकडून जिल्हा परिषदेचं तिकीट मिळणार होतं. पण चार वाजता मेहुणीचा साखरपुडा होता.

"गुरुजी, मतांच्या हिशेबाच्या फॉर्मवर आत्ताच सही ठोकतो. आकडे तुम्ही मागनं भरा."

"अहो, कोऱ्यावर?" केंद्राध्यक्ष गुरुजी दचकले.

"तुमच्यावर नाही, तर विश्वास ठेवायचा कुणावर?"

गुरुजी भिडस्त. "बरं, जेवून लगेच या," म्हणाले. हिंदुराव काही आले नाहीत. पाचनंतर वीटभट्टीवरचे दोनशे मजूर मात्र आले आणि रीतसर मत देऊन गेले.

हिंदुरावांचा उमेदवार दीडशे मतांनी पडला. ती दोनशे मतं बोगस म्हणत पक्ष कोर्टात गेला. समोरच्या वकिलानं फॉर्म पुढं केला. "सही तुमचीच ना? म्हणजे हे आकडे तुम्हाला मान्य होते?"

हो म्हणावं, तर पक्षाचा दावाच कोसळणार; कोऱ्यावर केली हे खरं सांगावं, तर बूथ सोडल्याचं उघडं पडून तिकीट जाणार. हिंदुरावांनी कागद लांब धरला, जवळ आणला.

"छे हो! गुरुजींनीच मारलेली दिसतेय."

खटला अजून चालू आहे आणि खासदार दिल्लीत आहे. हिंदुरावांना तिकीट मिळालं. निलंबित झाले ते पेन्शनला दोन वर्षं उरलेले गुरुजी.