हिरवं पाणी

घमेलं चाटून लख्ख केलेलं होतं.

हौसराव त्याच्याकडं बघत जागीच उभे राहिले. उद्याच्या सव्वीस जानेवारीसाठी त्यांनी सकाळी जुन्या लष्करी जीपचं कूलंट बदललं होतं. लिलावात घेतलेली ही जीप दरवर्षी शाळेच्या प्रभातफेरीत पुढं असायची, आणि ती समोर असली की हौसरावांना दुसरं काही दिसायचं नाही. रेडिएटरमधून घमेल्यात काढलेलं जुनं हिरवं पाणी त्यांनी कॅनमध्ये ओतलं, घमेल्याच्या तळाशी कपभर उरलं ते नंतर टाकू म्हणाले, आणि बॉनेट पुसत बसले.

आता गोठ्यापाशी सुभेदार चालत होता, आणि त्याचा एक पाय दुसऱ्याचं ऐकत नव्हता.

सुभेदार म्हणजे घरचा कुत्रा. हौसराव स्वतः फौजेतून नाईक म्हणून परतले, कुत्र्याला मात्र बढती देऊन मोकळे झाले. त्याच्या मानेवर बिबट्याच्या नखांचे तीन व्रण होते. गेल्या साली उसात बिबट्या सारजाबाईंवर धावला तेव्हा मधे पडला तो हाच.

"ह्याला काय झालंय वो?" सारजाबाई हातातला विळा टाकून आल्या. "दारू पिल्यावानी करतंय."

"कूलंट चाटलंय त्यानं. गोड लागतंय ते." हौसरावांनी रिकामं घमेलं त्यांच्यापुढं धरलं. "इख हाय, सारजा."

गेल्या खेपेला दौंडच्या दुकानदारानं कूलंटचे दोन डबे पुढं ठेवले होते. "आप्पा, घरात जनावरं असली तर हा दुसरा घ्या. हा तेवढा बाधत नाही." हौसरावांनी त्याला उडवून लावलं होतं. लेहच्या बर्फात बारा वर्षं गाड्या हाकल्यात, मला शिकवतो का. आपलेच शब्द आठवून त्यांना आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सारजाबाईंनी तोवर जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला होता. डॉक्टर खुटबावला एका म्हशीपाशी अडकले होते.

"मला यायला तास लागेल, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या उभ्या आहेत. यावरचं खास औषध माझ्याकडं नाही, तालुक्यातही मिळायचं नाही. घरात दारू आहे का?"

"दारू?"

"कडक. रम, व्हिस्की, असेल ती. या विषाला तीच आडवी जाते. मी सांगतो तेवढीच, पाणी घालून पाजायची. आत्ता दिली तर वाचेल. उशीर झाला की किडन्या गेल्याच म्हणून समजा."

"डॉक्टर, आमच्या घरात थेंब न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "आन् गावात बी न्हाई. म्याच बंद केलीया."

ते खरंच होतं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का यावर मतदान झालं तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारा म्हणत सारजाबाई घरोघर फिरल्या होत्या. बायकोला कुणी टोमणा मारू नये म्हणून हौसरावांनी भर ग्रामसभेत खंडोबाचा भंडारा उचलला होता. आजपासून घरात थेंब आणणार न्हाई, असं सगळ्या गावानं त्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

जीपच्या सीटखाली, पान्यांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेली रमची बाटली होती.

"हायवेला जाऊन आणतो," हौसराव म्हणाले. "पाऊण तासात येतो."

"मग जावा की. हुभं काय ऱ्हायलाय?"

मोटारसायकलची किल्ली खिशातच होती. गुपचूप पेटी उघडायची, बाटली शर्टात घालायची, उसाच्या बांधाआड पाऊण तास काढून परत यायचं. कुणाला काही कळलं नसतं. अब्रू शाबूत राहिली असती. सारजाबाई मातीत बसल्या आणि त्यांनी सुभेदाराचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं त्यांचा हात चाटायला जीभ काढली. ती हातापर्यंत पोचली नाही.

हौसराव जीपकडं गेले. पेटीतले पाने खणखणत खाली पडले. परत येऊन त्यांनी बाटली सारजाबाईंच्या पुढ्यात ठेवली. ती निम्मी रिकामी होती.

सारजाबाईंनी बाटलीकडं बघितलं. नवऱ्याकडं बघितलं नाही.

"मिळाली का?" फोनमधून डॉक्टर विचारत होते.

"मिळाली. किती घालू सांगा."

डॉक्टर आकडे सांगत गेले. सारजाबाईंनी वाटीत पाणी घेतलं, वर रम ओतली, आणि वासरांना औषध पाजायच्या पिचकारीत भरून घेतली. 

"सारजा, म्या..."

"तोंड धरा त्याचं."

हौसरावांनी जबडा धरला. सारजाबाई गालाच्या आतून थोडं थोडं सोडत राहिल्या. सुभेदारानं एक घोट गिळला, ठसकला, पुन्हा गिळला. वास सगळ्या अंगणात पसरला. बांधावरून जाणारी शेजारची धुरपदा थबकली, इकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि पुढं गेली. संध्याकाळच्या आत गावाला कळणार होतं. हौसरावांनी मान वर केली नाही.

"छान," डॉक्टर म्हणाले. "मी येतोच. पण हे एकदा देऊन भागायचं नाही. उद्या सकाळपर्यंत दर चार तासांनी द्यावं लागेल. जवळ किती उरली?"

सारजाबाईंनी बाटली उन्हात धरून बघितली. मग पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं.

"एवढी पुरायची न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसरी कुठं ठिवलीया, ती बी आना."

हौसराव उठले, आणि मुकाट्यानं कडब्याच्या गंजीकडं चालू लागले.