सांभारवडी

साजिदला जाऊन वर्ष झालं, तरी हिवाळ्यातली आमची रोडग्यांची पार्टी अकोट रोडवरच्या नितेशच्या शेतात ठरलीच. यंदा नितेशने साजिदच्या बायकोलाही आणलं, कहकशाँला. मला ते मुळीच आवडलं नाही. साजिद कॉलेजपासून आमचा होता. ही मागून आली, आणि रडायचा पहिला मान हिचा! म्हणून डबा उघडताना मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, "साजिदले लय आवडे माही सांभारवडी. दरसाली अर्धा डबा एकटाच खाये." कहकशाँने एक वडी फोडून पाहिली. आत कोथिंबीर, म्हणजे आमच्याकडचा सांभार, ठासून भरलेली. "त्यायले तर सांभार चालेच नाही," ती म्हणाली. "भाजीत एक पान दिसलं तरी ताट सरकवून देत. मी घरात आणणंच सोडलं होतं." गोवऱ्यांवरचे रोडगे उलटवणारा नितेश फसकन हसला. "कावं आरती, इतके वर्सं तू त्याले जहर चारून राहिली होती!" सगळेच हसले. माझे कान तापले. मी झाकण लावायला गेले, तर कहकशाँने माझा हात धरला. ती हसत नव्हती. "खरंच अर्धा डबा खात?" "हो." "तोंड वाकडं न करता?" "वरून अजून मागे." ती हातातल्या वडीकडे बघत राहिली. मग तिने डबा माझ्याकडून ओढूनच घेतला. "माह्यासाठी तर त्यायनं कधी एक पान गिळलं नाही."