आत्याच्या खिडकीतली बाटली

पाणी कधी खोटं बोलत नाही, असं आमची आत्या म्हणायची. दूधवाल्याबद्दलही तिचं हेच मत होतं म्हणा.

पण प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या तिच्या नजरेला तोड नव्हती. रोज सकाळी बोअरचं पाणी बाटलीत भरून ती खिडकीत धरायची आणि त्यातून मागचा कारखाना बघायची.

कारखाना नऊ वर्षं बंद आहे. बाटलीतून मात्र धुराड्यातून धूर निघताना दिसायचा. मीही पाहिलाय.

"बाळाच्या दुधात हे थेंबभरही नको," तिनं सुनेला बजावलं. "टँकरचं घे."

मग तिनं टँकरचं पाणीही बाटलीत भरून पाहिलं.

"अगं, यात तर धूर खिडकीपर्यंत आलाय!"

तिनं टँकरवाल्याला हाक मारली. "कुठं भरतोस रे?"

"मागच्या कारखान्याच्या विहिरीवर, आजी."