तीन देशांत सुरक्षित

अक्कलकोट रोडच्या चादरींच्या कारखान्यात धोंडीराम मास्तरांचा निरोपसमारंभ होता. चाळीस वर्षं, मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून त्यांनी केलेली अकराशे डिझाइनं स्कॅन होऊन क्लाउडवर गेली होती, तीन देशांत सुरक्षित. मालकांनी क्लाउडवरून विणलेली पहिली चादर मास्तरांच्या खांद्यावर घातली आणि ते थबकले. चादरीवरच्या मोराच्या डोळ्यात फूल पडल्यासारखा पांढरा ठिपका होता. “मास्तर, हे काय?” “चोरासाठीचं भोक. डिझाइन पळवनारा सापडावा म्हनून प्रत्येकात एक जादा पाडायचो. आपल्या मागावर चढवताना बुजवायचो.” “सांगायचं नाही?” “सांगाय आलतो की. कॉम्प्युटरवाले म्हनले, मामा, आता पासवर्ड हाय.” “कुठलं भोक, कळणार कसं?” “कार्डांवर खूण हाय.” “कार्डं बॉयलरमध्ये घातली.” “मग उद्या येऊ का? आठवून सांगतो.” मालकांनी घडी बदलून डोळा आत घेतला. “कशाला? गिऱ्हाइकाला काय कळतंय? हसा, फोटो काढायचाय.”